चार वर्षांचं दुखणं

१२ फेब्रुवारी

बाळ्या,

आशीर्वाद रोजचेच, पण आज जरा जास्तीचे घे, कारण काम आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "पटकन सांग ताई" म्हणतोस आणि मला पटकन काही सांगता येत नाही, हे तुला जन्मापासून माहीत आहे.

तुझ्या भावजींचं हृदय बिघडलंय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा माणूस ठणठणीत होता रे. नवीन वर्षाच्या हिशेबवह्यांचे गठ्ठे एकट्यानं दोन जिने चढवले आणि वर मलाच म्हणाले, "तू म्हातारी झालीस." त्यानंतर पंधरा दिवसांनी कारखान्यात पुस्तकं दाबायच्या प्रेसचं चाक फिरवता फिरवता मधेच थांबले. मी समोर पानं शिवत बसले होते. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "श्वास घ्यायचा विसरलो." आता जिना चढताना तीनदा बसतात. तीस वर्षं ते चाक फिरवलेला माणूस, आता चाकाकडे नुसता बघत बसतो. माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं.

डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप आखडलीय, ती बदलावी लागेल. एप्रिल संपायच्या आत. त्यानंतर आणू नका म्हणाले, उपयोग नाही.

दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं नाव विचारलं नाही, नाडी बघितली नाही, आधी काय विचारलं असेल? "विमा की रोख?" मी म्हटलं, फरक काय? तिनं दोन वेगळे कागद काढले. झडप तीच, डॉक्टर तोच, खाट तीच, आणि विम्याचा आकडा रोखीच्या दीडपट! मी म्हटलं, अगं बाई, विमावाल्या माणसाला दीड हृदय असतं का? ती हसली नाही मेली. रोखीचा आकडाही आपल्याला सात जन्मांत झेपायचा नाही, तो भाग वेगळा.

तीन वर्षांपूर्वी तूच आमच्या मागे लागून तुझ्या कंपनीची पॉलिसी काढायला लावलीस. तेव्हा मी कटकट केली होती, ते शब्द मागे घेते. कागद भरून पाठवलेत. तू तिथे बसलायस म्हणून मला झोप तरी लागते. बघशील ना?

ताई

---

२० फेब्रुवारी

ताई,

नमस्कार पोचला असं धर आणि आधी रडणं थांबव.

तुझी फाइल आली. ती माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. घरच्या माणसाची फाइल स्वतः हाताळायची नाही असा नियम आहे. पण लक्ष आहे माझं.

दीड हृदयाचं कोडं पडलंय ना तुला? ऐक. आम्ही बिल कापणार हे दवाखान्याला माहीत असतं, म्हणून ते आधीच वाढवून लावतात. ते वाढवतात हे आम्हाला माहीत असतं, म्हणून आम्ही कापतो. आम्ही कापतो, म्हणून ते आणखी वाढवतात. परवा पायाच्या अंगठ्याचं नख काढल्याचं बिल आलं, त्यात हातमोज्यांच्या चाळीस जोड्या! मी शेरा मारला, "डॉक्टर माणूस आहे की गोम?" सगळं ऑफिस हसलं. पण हे हातमोजे शेवटी कुणाच्या हप्त्यातून जातात? तुझ्याच. लोक आम्हाला कसाई म्हणतात, पण आम्ही सुरी खाली ठेवली तर एका वर्षात हप्ता दुप्पट होईल.

इथे सध्या वातावरण तंग आहे. मुख्य तपासनीस मार्चअखेर निवृत्त होतायत आणि त्या खुर्चीवर आम्हा तिघांचा डोळा आहे. साहेब मला म्हणाले, "तुझं काम स्वच्छ आहे, पण कापताना तुझा हात कचरतो." असो.

एक कर. भावजींच्या दुखण्याबद्दल मला सविस्तर लिही. काय होतं, कधीपासून होतं, किती सोसलं. पहिल्या पत्रात तू घाईत होतीस. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माणूस खरोखर त्रासात आहे. घरच्या पत्त्यावर पाठव, ऑफिसच्या नको, इथे सगळी पत्रं आवक विभागात फोडतात.

भावजींना म्हणावं, चाक तिथेच आहे, मे महिन्यात फिरवायचंय.

बाळ्या

---

२७ फेब्रुवारी

बाळ्या,

तू म्हणालास तसं सविस्तर लिहिते, आता तूच पुढचं बघ.

अरे, हे दुखणं का आजचं आहे? चार वर्षं झाली, चार! चार वर्षं हा माणूस छातीवर हात ठेवून जगतोय. रात्र रात्र उशाला टेकून बसून काढतात. पायांवर सूज, ओठ निळे. जिना म्हणजे त्यांना डोंगर. पण तोंडातून चकार शब्द नाही. दुसरा कुणी असता तर केव्हाच आडवा झाला असता. चार वर्षांत सलग तासभर झोप नाही रे त्यांना. हे वाचून दगडालाही पाझर फुटेल, तुमच्या साहेबांना का नाही फुटणार?

दाखव त्यांना हवं तर. आणि लवकर कर. एप्रिल काही थांबायचा नाही.

ताई

---

१९ मार्च

दावा विभाग

महोदया,

आपल्या पतीच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी केलेला दावा तपासण्यात आला. विमाधारकास सदर आजार "चार वर्षं" असल्याचे आपण दि. २७ फेब्रुवारीच्या स्वहस्ताक्षरातील पत्रात नमूद केले आहे. पॉलिसी तीन वर्षांपूर्वी घेतलेली असल्याने हा आजार पॉलिसीपूर्वीचा ठरतो. सबब दावा नामंजूर करण्यात येत आहे.

लवकर बरे होण्यासाठी शुभेच्छा.

तपासनीस

---

२२ मार्च

बाळ्या,

हे काय झालं? माझं पत्र तुला होतं. त्यांच्या हातात कसं गेलं? तू दाखवलंस का? मीच म्हटलं होतं दाखव, पण भलं व्हावं म्हणून म्हटलं होतं रे!

चार वर्षं वगैरे काही नाही, तुला ठाऊक आहे. जानेवारीपासूनचं आहे, पहिल्या पत्रात लिहिलंय मी. आपल्या घरात दुखणं खरं तेवढं सांगितलं तर कुणी मान वर केली होती का कधी? डोकं दुखतंय म्हटलं तर बाबा वर्तमानपत्रातून म्हणायचे, "झोप." मरतेय म्हटलं तर चष्मा काढायचे. तू सात वर्षांचा असताना तुझ्या पोटात कळा आल्या, आठवतं? सकाळपासून येत होत्या. बाबा म्हणाले, काहीबाही खाल्लं असेल. मी तुला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे गेले. बाहेर पंचवीस माणसं बसलेली. "सकाळपासून" म्हटलं असतं तर आपला नंबर संध्याकाळी लागला असता. मी ओरडले, "तीन दिवस झाले हो, तीन दिवस पोरगं तडफडतंय!" डॉक्टरांनी तस्सं उचलून तुला टेबलावर घेतलं. नंतर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर आतडं आतच फुटलं असतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्या दिवसापासून मला हीच रीत ठाऊक. दुखणं जेवढं जुनं, तेवढी माणसं धावतात.

पॉलिसीच्या आधीचं दुखणं चालत नाही, हे तू मला एका ओळीत लिहिलं असतंस तर मी सख्ख्या नवऱ्याच्या गळ्याला फास लावला असता का?

जाऊ दे. चूक माझी. तू एवढंच कर, माझं पहिलं पत्र त्यांना दाखव. त्यात सगळं खरं लिहिलंय, तारखेसकट. तेवढ्यानं काम होईल.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. "मंजूर झालं का?" म्हणून रोज विचारतात. मी म्हणते, होतंय.

ताई

---

३० मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू बहुतेक चुकून ऑफिसचा पत्ता घातलास. ते आवक विभागात फोडलं गेलं आणि थेट फाइलला लागलं. एकदा कागद फाइलला लागला की देवसुद्धा तो काढू शकत नाही.

तुझं पहिलं पत्र खूप शोधलं. सापडत नाही. रद्दीत गेलं असावं.

रागावू नकोस, पण एक बोलतो. खर्च का वाढतो असं सगळे आम्हाला विचारतात. दवाखाना बिल वाढवतो, डॉक्टर तपासण्या वाढवतो, आणि पेशंटचे घरचे दुखणं वाढवतात. प्रत्येकाला वाटतं, माझं थोडंसं वाढवल्यानं काय होतंय? तू तेच केलंस. मी तुला दोष देत नाही, फक्त कुठे काय होतं ते सांगतो.

तरी एक वाट आहे. कंपनीला सरळ अर्ज कर. आधीच्या पत्रातली माहिती खरी नव्हती, भावनेच्या भरात लिहिली, असं स्पष्ट कबूल कर. खाली सही कर. त्यावर फेरविचार होईल.

माझं टेबल बदललंय. आता खिडकीजवळ बसतो. जरा उजेड आहे.

बाळ्या

---

६ एप्रिल

बाळ्या,

तू सांगितलंस तसा अर्ज पाठवला. नक्कल इथे देते, म्हणजे काही चुकलं असेल तर कळव:

"मी माझ्या पत्रात पतीचे दुखणे चार वर्षांचे असल्याचे लिहिले ते खोटे होते. दुखणे यंदाच्या जानेवारीपासूनचे आहे. मी खोटे लिहिले, माझ्या पतीने नाही. शिक्षा द्यायची तर मला द्यावी."

शेवटचं वाक्य माझ्या मनाचं. बरोबर आहे ना?

आता ह्यांना सगळं कळलंय. माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. तर हसले, म्हणाले, "चार वर्षं? तू निदान चाळीस तरी म्हणायचंस." मग खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. काल त्यांनी एक पुस्तक बांधायला घेतलं. पुठ्ठा कापला, खळ लावली आणि प्रेसपाशी येऊन मला म्हणाले, "तू फिरव." मी फिरवलं चाक. ते खुर्चीत बसून "अजून, अजून" म्हणत होते.

डॉक्टरांनी विचारलं, तारीख देऊ का? मी म्हटलं, आठ दिवस थांबा, माझा भाऊ आहे तिथे.

ताई

---

२४ एप्रिल

दावा विभाग

महोदया,

आपला दि. ६ एप्रिलचा अर्ज मिळाला. कंपनीस खोटी माहिती दिल्याचे आपण लेखी कबूल केले आहे. पॉलिसीच्या अटींनुसार, खोटी माहिती दिल्यास पॉलिसी आपोआप रद्द होते. सबब आपल्या व आपल्या पतीच्या नावे असलेली पॉलिसी रद्द करण्यात येत आहे. दाव्याच्या फेरविचाराचा प्रश्न आता उद्भवत नाही.

फाइलमधील कागदांच्या प्रती माहितीसाठी सोबत जोडल्या आहेत.

मुख्य तपासनीस

---

२९ एप्रिल

बाळ्या,

मुख्य तपासनीसांची सही ओळखली मी. ते वळण घोटून घोटून कुणी शिकवलंय तुला? घरच्या माणसाची फाइल हाताळायची नाही म्हणालास. खुर्ची बदलली की नियमही बदलतो वाटतं.

प्रती पाठवल्यात त्याबद्दल आभार. पाच कागद आहेत. माझा दाव्याचा अर्ज, डॉक्टरांचं पत्र, दवाखान्याचा अंदाज, माझा कबुलीचा अर्ज, सगळ्यांवर तुमच्या आवक विभागाचा गोल शिक्का आहे. फक्त एका कागदावर नाही. माझ्या २७ फेब्रुवारीच्या पत्रावर. ते आवक विभागातून आलेलंच नाही. ते कुणीतरी खिशातून आणलंय.

आणि त्यात "चार वर्षं" या शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. तू पहिलीत असताना अवघड शब्दाखाली अशी रेघ मारायला मी शिकवली होती. पुन्हा वाचायचा शब्द, म्हणून.

बाळ्या, तू माझा केसानं गळा कापलास. तू "लिही" म्हटल्यावर मी लिहिलं, "कबूल कर" म्हटल्यावर कबूल केलं. एक विहीर चुकवून तुझं बोट धरून चालले, तर तू दुसऱ्या विहिरीत नेऊन ढकललंस. इतकी अक्कल परक्याला सुचली नसती. आई गेल्यावर मी तुला माझ्या ताटातलं भरवलंय. तुझी शाळा चालावी म्हणून माझी शाळा सुटली. मी कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते. मला तुझा तिरस्कार वाटतो, आणि तिरस्कार वाटतो याचंही रडू येतं.

प्रेस विकायला काढला. भंगारवाला आला, लोखंडाच्या भावानं तोलतो म्हणाला. ह्यांनी त्याला हाकलून दिलं, आणि तेवढ्या बोलण्यानं दोन तास पडून होते.

मला दुसरं काही नको. माझं पहिलं पत्र शोध. तू काही फेकत नाहीस, लहानपणापासून. ते दाखव. डॉक्टर म्हणतात, फार तर अजून दोन आठवडे थांबता येईल.

ताई

---

८ मे

ताई,

खोटं बोलत नाही. मीच ठेवलं पत्र फाइलला.

शेजारचा तपासनीस तुझा दावा पास करणार होता. साहेबांना कळलं की तू माझी बहीण आहेस. त्यांनी बोलावून एवढंच विचारलं, "यात आपल्याला काही बघायचंय का?" तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी काढून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्यावर बातमी, यानं सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही. नंतर हात कचरतो असं कुणी म्हणालं नाही.

दुखणं कधीपासूनचं, हे मी तुला मुद्दाम विचारलं होतं का? नाही, असं लिहिणार होतो. पण आता माझं मलाच नीट सांगता येत नाही. तू वाढवून लिहिणार हे मला माहीत होतं, एवढं खरं. कबुलीचा अर्ज मात्र मी समजून सुचवला. फाइल बंद व्हायला हवी होती. उघडी राहिली असती तर कुणीतरी शिक्का शोधला असता.

तुझं पहिलं पत्र कपाटात आहे. रोज दिसतं. ते आता बाहेर काढलं तर, आधी का दडवलं, हा प्रश्न येईल आणि माझी नोकरी जाईल. माझ्या घराचे हप्ते आहेत, पोरीची शाळा आहे. तू मोठी आहेस, समजून घेशील असं वाटतं. तू नेहमीच समजून घेतलंयस.

सोबत चेक आहे, वाढलेल्या पगारातला पहिला. ऑपरेशनला पुरणार नाही, पण औषधांना होईल. भावजींना काही सांगू नकोस.

बाळ्या

---

२ जून

बाळ्या,

हे गेले. गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला. घरीच. श्वास लागला, मग थांबला. मी जवळ होते. यात काहीही वाढवलेलं नाही.

चेक परत पाठवते आहे. तुझ्या चेकबद्दल त्यांना सांगितलं नाही. "बाळ्यानं काय कळवलं?" असं बुधवारी विचारत होते. मी म्हटलं, तो प्रयत्न करतोय. "गुणी आहे पोरगा," म्हणाले.

दाखला द्यायला कोपऱ्यावरचे डॉक्टर आले होते. त्यांनी विचारलं, आजारी कधीपासून होते? मी म्हटलं, जानेवारीपासून. त्यांनी लगेच तसं लिहिलं. पुरावा मागितला नाही की पुन्हा विचारलं नाही. आता त्या उत्तरावर कुणाचा काही खर्च अडला नव्हता ना.

माझं पहिलं पत्र आता काढू नकोस. कपाटातच राहू दे, आणि रोज दिसू दे.

तुला पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एक राहिलेलं सांगते. पानं शिवताना हात मोकळे नसतात, पण डोकं मोकळं असतं, आणि त्यात सारखा तोच दिवस येतो. तो दवाखाना, बाकावरची ती पंचवीस माणसं, आणि माझ्या पाठीवर तू. तुझ्या पोटात फक्त सकाळपासून दुखत होतं.

डॉक्टरांना मी खरं तेवढंच सांगायला हवं होतं.

ताई